पाटीवर ‘बुकमेकिंग’ लिहावं का ‘बायंडिंग’?

माझी मावसबहीण कॉलेज रोडला हाताने वह्या-पुस्तकं शिवायला शिकवते. तिने स्टेटसला ‘बुकमेकिंग, शनिवारी ४ वाजता’ टाकलं आणि पहिलाच फोन आला, "आजच्या मॅचचा भाव काय चाललाय?" हसून हसून पुरेवाट, पण क्लासला नाव काय द्यायचं हा प्रश्न खराच आहे.

इंग्रजीत हा शब्द दोन्हीकडे चालतो, पुस्तक तयार करणं पण बुकमेकिंग आणि पैजा घेणं पण, कारण कोणी कशावर किती लावले ते बुकी वहीत मांडायचा, ती वही म्हणजेच ते बुक. आणि बुकी स्वतः नशीब आजमावत नाही बरं का, तो हिशोब बसवतो. समजा दोन्ही टीम सारख्याच तगड्या, दोघींवर १००-१०० रुपये आले, तर जिंकणाऱ्याला तो १९० देणार, १० त्याचे, कोणी का जिंकेना. आपल्याकडे हाच अर्थ पक्का बसलाय. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लायसन्सवाले बुकी असतात ते सोडा, क्रिकेटवर असं केलं की १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस उचलतात. म्हणून पाटीवर हा शब्द नकोच. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्टच्या पुस्तिका बनतात, तेही शब्दशः बुकमेकिंगच की, पण तिथल्या कामगाराला बुकमेकर म्हणून बघा एकदा!

मग ‘बायंडिंग’? कळतं सगळ्यांना, पण लोक प्रोजेक्टचं स्पायरल करायला येतात, ते दहा मिनिटांचं काम. ताईचं तसं नाही, ती मोठा कागद तीनदा दुमडून १६ पानांचा फर्मा करते, घडीवर दाभणाने भोकं पाडते, मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक फर्मा मागच्याला शिवते (जुने बायंडर याला जुजबंदी म्हणतात), मग खळ, मग पुठ्ठा. अशी वही टेबलावर सपाट उघडी राहते, नुसत्या गोंदावरच्या पुस्तकाला ते जमत नाही, जोर दिला की कणाच मोडतो.

‘पुस्तकबांधणी’ जरा सरकारी वाटतं, पण गैरसमज शून्य. शेवटी पाटीवर ‘हाताने पुस्तकबांधणी शिका’ लिहिलं, बुकमेकिंग फक्त इन्स्टाच्या हॅशटॅगला ठेवलं कारण तिथे परदेशातले कागदवेडे तोच शब्द शोधतात. तो भाववाला अजून फोन करतो, मॅच असली की.