स्क्रिप्टनोट्स: कादंबरी आणि पटकथा दोन्हीकडे डोळा असणाऱ्यांनी ऐकावं असं पॉडकास्ट

लेखन शिकवणारे ते 'सात पायऱ्यांत पटकथा' छाप व्हिडिओ बघून वैताग आला असेल तर स्क्रिप्टनोट्स ऐका, एवढंच सांगायचंय खरं तर. पण रिव्ह्यू लिहायला बसलेच आहे तर नीट लिहिते.

जॉन ऑगस्ट आणि क्रेग मेझिन हे हॉलिवूडचे दोन लेखक 2011 पासून जवळजवळ दर मंगळवारी हे पॉडकास्ट टाकतायत. ऑगस्ट म्हणजे 'बिग फिश' आणि 2019 च्या 'अलादीन'च्या पटकथेवर नाव असलेला माणूस, आणि मेझिन म्हणजे 'चेर्नोबिल' मालिका लिहिणारा. चेर्नोबिल यायच्या आधी कितीतरी वर्षं हा माणूस विनोदी सिनेमे लिहीत होता आणि तेव्हाही याच गप्पा मारत होता, त्यामुळे जुने एपिसोड ऐकायला वेगळीच मजा येते.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे लोकांचे प्रश्न. व्हॉइसओव्हर वापरला तर चालतं का, फ्लॅशबॅक कागदावर कसा दाखवायचा, प्रोड्यूसरने फुकट रीराइट मागितलं तर काय करायचं, दोघं मिळून लिहितोय तर नाव आधी कुणाचं, असले एकदम रोजच्या कामातले प्रश्न. आणि उत्तरं गुळमुळीत नसतात. ऑगस्ट शांतपणे मुद्दे पाडत जातो आणि मेझिनची मध्येच सटकते, विशेषतः पैसे घेऊन 'तुमची स्क्रिप्ट सुधारून देतो' म्हणणाऱ्या गुरूंचा विषय निघाला की बघायलाच नको. दोघांचं एकमत होत नाही तेव्हा ते तसंच सोडून देतात, ओढूनताणून समेट करत नाहीत. हे मला फार पटतं. आपल्याकडे प्रश्नोत्तरं म्हटली की प्रेक्षकातला एक काका उठून दहा मिनिटं स्वतःचंच भाषण करतो, आणि मग लेखक म्हणतो 'प्रेरणा आतून यावी लागते'. इथे प्रेरणेचं नावही फारसं निघत नाही.

कादंबरीवाल्यांनी ऐकावं असं मुद्दाम का म्हणतेय, तर ऑगस्टने दोन्हीकडून काम केलंय. 'बिग फिश' ही मुळात डॅनिएल वॉलेसची कादंबरी, ती छापून यायच्या आधी हस्तलिखितातच ऑगस्टने वाचली आणि स्टुडिओला हक्क घ्यायला लावले. सिनेमा आला 2003 मध्ये, आणि मग 2013 मध्ये त्याचंच ब्रॉडवेवर म्युझिकल झालं, त्याची संहिताही यानेच लिहिली. म्हणजे एकच गोष्ट तीन माध्यमांत. त्यात पुढे याने स्वतः 'आर्लो फिंच' नावाची मुलांसाठीची तीन कादंबऱ्यांची मालिका लिहिली, पहिली 2018 ची, आणि ते पुस्तक लिहून दुकानात पोचेपर्यंत काय काय होतं त्यावर 'लाँच' नावाचं वेगळं छोटं पॉडकास्टही केलं. त्यामुळे 'माझ्याकडे गोष्ट आहे, कादंबरी लिहू की स्क्रिप्ट?' या प्रश्नावर तो बोलतो तेव्हा ते ऐकीव नसतं.

मुद्दा साधाच आहे म्हणा, पटकथेत जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं. पण लिहायला बसलं की घाम फुटतो. माझंच उदाहरण घ्या. कादंबरीत मी लिहिणार 'सुमनला वाटलं, आता या घरात आपलं कुणी उरलं नाही.' झालं काम. पटकथेत कॅमेऱ्याला सुमनच्या डोक्यात शिरता येत नाही, मग सुमन सवयीने दोन ताटं घेते, थांबते, एक परत मांडणीत ठेवते आणि उरलेल्या ताटातही जेवत नाही, नुसतीच पाणी पिऊन दिवा घालवते. असं काहीतरी शोधावं लागतं. आणि उलटंही आहेच, स्क्रिप्टची सवय लागलेला माणूस कादंबरी लिहायला घेतो तेव्हा आतलं सगळं लिहायला बिचकतो, नुसते संवाद आणि 'तो उठला, खिडकीशी गेला' एवढंच चालू राहतं.

एकच एपिसोड ऐकायचा असेल तर 403 नंबरचा ऐका. त्यात मेझिन एकटाच बोलतो, सिनेमा कसा लिहायचा यावर. त्याचं म्हणणं असं की थ्री-अ‍ॅक्ट (गोष्टीचे तीन अंक पाडायचे) वगैरे स्ट्रक्चर हे काही लिहायचं हत्यार नाही, पात्र आणि गोष्टीचा मुख्य मुद्दा, म्हणजे गोष्ट जे पटवू बघते ते, यांच्या झटापटीतून ते आपोआप तयार होतं. 'फाइंडिंग निमो' हा माशांचा अ‍ॅनिमेशन सिनेमा घेऊन समजावलंय, बाप मुलाला जपायचं म्हणून बांधून ठेवतो आणि गोष्ट त्याला बरोबर उलट टोकाला ढकलत नेते. हे ऐकल्यावर माझी एक अर्धवट पडलेली स्क्रिप्ट कुठे अडकलीय ते कळलं, सुटली नाही अजून, पण कळलं तरी.

कायदा-पैशांचे एपिसोडही सोडू नका. टेस गेरिट्सन या लेखिकेने 'ग्रॅव्हिटी' कादंबरीचे हक्क 1999 मध्ये न्यू लाइन या सिनेकंपनीला विकले होते, पुढे 2008 मध्ये न्यू लाइन वॉर्नर ब्रदर्समध्ये गेली आणि 2013 मध्ये वॉर्नरचा त्याच नावाचा सिनेमा आला. तिने केस केली, ती कॉपीराइटची नव्हती तर कराराची होती, आणि कोर्टात टिकली नाही. हा सगळा गुंता एका एपिसोडमध्ये दोघांनी सोडवून सांगितलाय. 'हक्क दिले' म्हणून पेढे वाटणाऱ्या आपल्या लेखकांनी तो ऐकावा. आपण ज्याला सही करून देतो तीच कंपनी उद्या दुसऱ्याने गिळली तर काय, हे आपल्याकडे करार करताना कुणाच्या डोक्यात तरी येतं का?

थ्री पेज चॅलेंजही मस्त. श्रोते आपल्या स्क्रिप्टची पहिली तीन पानं पाठवतात आणि हे दोघं ती सोलून काढतात. पानं डाउनलोड करून आधी स्वतः वाचायची, मग ऐकायचं. तीन पानांत माणूस किती उघडा पडतो ते बघून धडकी भरते.

आता तक्रारी. एक तर सगळं अमेरिकेचं. तिथे गिल्ड म्हणजे लेखकांची संघटना आहे, 2023 मध्ये 2 मे ते 27 सप्टेंबर संप करून ते अटी मान्य करून घेऊ शकतात, आपल्याकडे डेली सोप लिहिणाऱ्याला आजचा सीन आजच द्यायचाय, त्याने ते ऐकून नुसतं उसासे टाकायचे. एजंट, मॅनेजर, रायटर्स रूम (बरेच लेखक एकत्र बसून मालिका लिहितात ती) यावरचे एपिसोड मी सरळ सोडून देते. आपली कथा-पटकथा-संवाद अशी तीन नावांची वाटणी त्यांच्याकडे नाही, संवादाचं वेगळं क्रेडिट नसतंच, त्यामुळे फक्त संवाद लिहिणाऱ्याच्या अडचणींवर इथे काही मिळणार नाही. शिवाय दोघांना डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचं भयंकर वेड, ते सुरू झालं की मी भांडी घासून घेते. बोलणं फास्ट आहे, पण एपिसोडचं लिखित रूप फुकट मिळतं, मी कठीण भाग तिथेच वाचते.

पैशांचं म्हणाल तर नवे एपिसोड फुकट, मध्ये जाहिराती नाहीत, जुने ऐकायला महिन्याची वर्गणी. मी एक महिना घेऊन हवे तेवढे जुने एपिसोड ऐकले आणि बंद केलं, तुम्हीही तेच करा.

आणि ऑगस्टने इतर काही जणांबरोबर बनवलेला फाउंटन नावाचा फॉरमॅट फुकट आहे, साध्या टेक्स्टमध्ये स्क्रिप्ट लिहायची, मग फोनवरच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालतं. फक्त त्यात पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखतात आणि देवनागरीत कॅपिटल नसतात, म्हणून मराठीत लिहिताना पात्राच्या नावाआधी @ टाकायचं आणि सीनच्या हेडिंगआधी एक पूर्णविराम (.). मला हे कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगून ठेवते.