कॅस बंद झालं आणि मुलांच्या वजनाची रेघ तुटली: एका सेविकेचा अनुभव

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी माझी अंगणवाडी आहे. निम्मी मुलं पावरा, बाकीची भिल्ल आणि गावातली. 2019 मध्ये आम्हाला सरकारी मोबाइल मिळाले, त्यात आयसीडीएस-कॅस हे अंगणवाडीच्या नोंदींचं अ‍ॅप होतं. 2020 च्या उत्तरार्धात ते बंद झालं आणि 1 मार्च 2021 पासून देशभर त्याच्या जागी पोषण ट्रॅकर हे नवं अ‍ॅप आलं. दोन्ही रोज वापरलीत, म्हणून लिहिते आहे.

कॅस शिकताना पहिले दोन-तीन महिने फार त्रास झाला. फोनची रॅम 2 जीबी, उन्हाळ्यात तो इतका तापायचा की ओल्या फडक्यावर ठेवावा लागे. पण एकदा हात बसला आणि मला ते मनापासून आवडलं. आमच्या 11 रजिस्टरांपैकी 10 रजिस्टरांचं काम त्यात होत होतं. पाड्यावर रेंज नसली तरी नोंद भरता यायची, संध्याकाळी टेकडीवर गेलं की रेंज मिळून ती पाठवली जायची. कोणत्या गरोदर बाईकडे, कोणत्या बाळंतिणीकडे आज जायचं, ती यादी सकाळीच दिसायची. आणि वजन टाकलं की वाढीचा आलेख आपोआप निघायचा. तो मी आईला दाखवायची. ज्या बाईला अक्षर येत नाही तिलाही रेघ वर चालली की खाली, हे कळतं.

मग ते बंद झालं. त्या काळात कोरोनामुळे अंगणवाड्या बंदच होत्या, आम्ही दारोदार आहाराची पाकिटं वाटत होतो, लटकवायचा काटा पिशवीत घेऊन जमेल तिथे वजन घेत होतो. ते लिहायचं कुठे? मी वहीत लिहिलं. नवीन अ‍ॅप आलं तेव्हा प्रत्येक कुटुंब, प्रत्येक मूल पुन्हा पहिल्यापासून भरलं. मागचं एकही वजन मला त्यात दिसलं नाही.

याचा अर्थ काय होतो ते एका मुलावरून सांगते. दीड वर्षाचा असताना कॅसमधली त्याची शेवटची नोंद 9.9 किलो होती. त्या वयाच्या मुलासाठी हे चांगलं वजन. नव्या अ‍ॅपमध्ये पहिली नोंद केली तेव्हा तो दोन वर्षांचा, वजन 10 किलो. रंग हिरवा. अ‍ॅपच्या दृष्टीने मूल ठीक होतं, आणि त्या एका आकड्यापुरतं ते खरंही होतं. त्याच्या आईने विचारलं, "ताई, मना पोऱ्यानं वजन मांगे कितलं व्हतं?" मी वही उघडली. सहा महिन्यांत शंभर ग्रॅम! मधल्या दोन नोंदींत तर ते घटलं होतं. मूल आजारी होऊन गेलं होतं, त्यानंतर नीट खातच नव्हतं. वही नसती तर तो हिरव्यातच राहिला असता आणि मी पुढच्या दारी निघून गेले असते. त्याला आरोग्य केंद्रात नेलं, चार महिने जास्त लक्ष दिलं, रेघ पुन्हा चढली.

पोषण ट्रॅकर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सुरुवातीला इंग्रजीने आमच्यासारख्या अनेकजणींची फार अडचण केली. 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी मोबाइल परत केले, त्यातलं एक कारण हेच होतं. आता मराठी आहे, आणि आलेखही पुन्हा जमत चालला आहे. स्थलांतर केलेलं कुटुंब दुसऱ्या अंगणवाडीत वळवता येतं, ही सोय आमच्या भागाला फार मोलाची. घरी न्यायचा आहार देताना फोनवर चेहऱ्याची ओळख पटवणं आल्यापासून मात्र वेळ जातो. दुपारभर कामाला गेलेली आई संध्याकाळी येते तेव्हा माझ्याकडे रेंज नसते.

माझी तक्रार बंद करण्याच्या पद्धतीवर आहे. जुनं काढायचं तर काढा, पण आधी तीन महिने दोन्ही चालू द्या. शेवटच्या महिन्यात प्रत्येक मुलाचा आलेख कागदावर काढून आमच्या हाती द्या. सेविकेला विचारा, बाई, यातलं काय गेलं तर तुझं काम अडेल? आमच्या बीटातल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, कुणालाही हे विचारलं गेलं नाही.

तेव्हापासून मी दर महिन्याचं वजन माता-बाल संरक्षण कार्डावर पेनाने टिपते आणि ठिपके जोडते. कार्ड आईकडेच राहतं. दिवाळीनंतर उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परत येतात. तिकडच्या ताईला माझा फोन दिसणार नाही, पण पेटीतलं कार्ड दिसेल. यंदा 23 कार्डं झाली. पाड्याच्या वरच्या टोकाची चार घरं राहिलीत, त्यांचा मुकादम परवा गाडी आणतोय. उद्या सकाळी काटा घेऊन तिकडेच जाते.