लेझर प्रिंटरवर ग्रे शेड काळपट येतायत? डेन्सिटी, ड्रायव्हर, फाईल की कार्ट्रिज, आधी कशाला हात लावायचा

स्क्रीनवर पेशीतलं केंद्रक स्पष्ट दिसतंय, भोवतीचा भाग फिकट करडा आहे, आणि कागदावर येतो तो एकसारखा काळा गोळा. मी मुलांसाठी विज्ञानाच्या हँडआउट्स छापते, त्यामुळे हा प्रकार माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, कारण ज्या मुलाच्या हातात तो कागद जातो त्याला तिथे काय बघायचं होतं तेच कळत नाही. मजकूर एकदम कडक काळा, छान येतो, फक्त फोटो आणि ग्रे भरलेले चौकोन गडद येतात. यावर उपाय चार-पाच आहेत आणि सगळेच जण पहिला सल्ला देतात तो म्हणजे डेन्सिटी (टोनरचा, म्हणजे काळ्या पावडरीचा, थर किती जाड पडतो ते सेटिंग) कमी कर. माझं मत वेगळं आहे, ते का ते सांगते.

पण त्याआधी दहा मिनिटं काढून एक चाचणीचं पान करा, त्याशिवाय कुठलाही उपाय निवडणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे. वर्ड किंवा स्प्रेडशीटमध्ये अकरा चौकोन काढा आणि ०, १०, २० असं करत १०० टक्क्यांपर्यंत काळा रंग भरा, १० ते ३० च्या मधले १५ आणि २५ पण घाला. शेजारी एक जागा अशी करा की १ मिलिमीटर जाडीची काळी रेघ, मग तेवढीच पांढरी जागा, परत काळी रेघ, असं तीन-चार सेंटिमीटर. हे पान छापून भिंतीला लावा आणि रेघा वेगळ्या दिसेनाशा होईपर्यंत मागे जा, म्हणजे लांबून तो पट्टा सपाट करडा दिसेल. आता बघा कुठला चौकोन त्याच्याशी जुळतोय.

बऱ्याच जणांना वाटतं की ५० टक्केवाला जुळायला हवा, पण तसं नसतं. स्क्रीनवरचा मधला ग्रे, म्हणजे २५५ पैकी १२८ (० काळा, २५५ पांढरा), हा पांढऱ्याच्या निम्मा उजेड देत नाही, साधारण २२ टक्केच देतो, निम्मा उजेड देणारा ग्रे १८८ च्या आसपास असतो म्हणजे छपाईच्या भाषेत साधारण २६ टक्के काळा. त्यामुळे २५ टक्केवाला चौकोन रेघांशी जुळला तर तुमचा प्रिंटर स्क्रीनशी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे आणि दोष दुसरीकडे शोधायला हवा. १० किंवा १५ वालाच जुळला तर प्रिंटर खरोखर गडद छापतोय.

आणि याच पानावर अजून दोन गोष्टी बघा. एक, कागदाचा न छापलेला पांढरा भाग खरंच पांढरा आहे का, की त्यावर बारीक करडी धूळ पसरल्यासारखी दिसते. दोन, ७०, ८०, ९० आणि १०० हे चौकोन एकमेकांपासून वेगळे दिसतात का. तिसरी गोष्ट कॉम्प्युटरशिवाय करायची, प्रिंटरच्या स्वतःच्या मेन्यूतून किंवा बटण दाबून धरून जे माहितीचं किंवा डेमो पान निघतं ते काढा. त्यात ग्रे भाग असेल आणि तोही गडद असेल तर ड्रायव्हरच्या (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मागे लागण्यात अर्थ नाही. तो नीट येत असेल तर गडबड कॉम्प्युटरच्या बाजूला.

आता हे होतं का ते थोडक्यात. लेझर प्रिंटरकडे ग्रे नावाची पावडर नसतेच, काळा टोनर एकच, आणि ग्रेचा आभास बारीक ठिपक्यांतून होतो. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) एका ठिपक्याची चौकट सुमारे ४२ मायक्रॉनची, पण प्रिंटरचा ठिपका गोल पडतो आणि चौकटीचे चारही कोपरे झाकायचे तर त्याचा व्यास ६० मायक्रॉन तरी हवा, नाहीतर सलग काळ्या भागात पांढरी भोकं दिसतील. म्हणजे एकटा ठिपका हिशोबापेक्षा दीडपटीहून जास्त जागा व्यापतो, शिवाय छपाई पक्की करणाऱ्या फ्यूजरच्या उष्णतेत टोनर वितळून थोडा पसरतो, आणि वर कागदाच्या आत शिरलेला उजेड ठिपक्यांखाली अडकतो ते वेगळंच. छपाईवाले याला डॉट गेन म्हणतात. ही प्रिंटरची खोडी नाही, हा त्याचा स्वभाव आहे, आणि चांगला ड्रायव्हर हे आधीच धरून चालतो. जिथे ते नीट धरलेलं नसतं तिथे आपली चित्रं काळी पडतात.

तर डेन्सिटी. बहुतेक प्रिंटरमध्ये ती असते, कुठे १ ते ५ आणि मधे ३, कुठे उणे ते अधिक. यातला फायदा एवढाच की दोन मिनिटात होतं आणि लगेच उलटं फिरवता येतं. पण डेन्सिटी कमी केली की टोनरचा थरच पातळ होतो, म्हणजे मधला ग्रे उजळला तरी काळा पण फिकट होतो, आणि मजकूर, बारीक रेघा, बाणांची टोकं सगळं राखाडी दिसायला लागतं. मी ती एकदा थेट सगळ्यात खाली नेली होती, केंद्रक दिसलं पण त्याच्या शेजारचं नाव मागच्या बाकावरच्या मुलाला वाचता येईना. त्यामुळे माझा नियम एक पायरी खाली, फार तर दोन, आणि तेही ७० ते १०० हे सगळे चौकोन एकसारखे काळे येत असतील तरच, कारण तेव्हा थर खरंच जास्त पडतोय.

टोनर सेव्ह हा त्याचाच भाऊ समजतात पण तसा नाही. बऱ्याच प्रिंटरमध्ये तो ठिपकेच गाळतो, त्यामुळे ग्रे उजळतात खरे पण ओबडधोबड होतात आणि अक्षरांच्या कडा खरखरीत येतात. कच्च्या प्रतीसाठी ठीक, फोटोसाठी मी वापरणार नाही, विषय संपला.

आता ज्या दोन उपायांमध्ये खरी निवड आहे ते म्हणजे ड्रायव्हरमधलं हाफटोन सेटिंग, म्हणजे ग्रेचे ठिपके कसे पाडायचे ते, आणि फाईलमध्येच कर्व्ह लावणं, म्हणजे चित्रातला कुठला ग्रे किती उजळायचा ते रेघ वाकवून ठरवणं. हाफटोन सेटिंगकडे कोणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण अनेकदा अख्खा फरक तिथेच असतो. ड्रायव्हरच्या ग्राफिक्स किंवा ॲडव्हान्स्ड भागात ते वेगवेगळ्या नावांनी सापडतं, कुठे स्क्रीन (इथे अर्थ ठिपक्यांची जाळी, मॉनिटर नव्हे) किंवा एलपीआयचा आकडा (एका इंचात जाळीच्या किती ओळी), कुठे नुसतं डिटेल आणि स्मूथ असे दोन पर्याय. जाळी जेवढी बारीक तेवढ्या ठिपक्यांच्या कडा जास्त, आणि पसरण्याचं काम कडेवरच होतं. एक हिशोब करून बघा, समजा प्रत्येक ठिपका सगळ्या बाजूंनी फक्त १० मायक्रॉन पसरतो. १४० एलपीआयच्या जाळीत ५० टक्क्यांचा ग्रे ६५ टक्के होतो, १०६ वर ६१, आणि ६० एलपीआयवर ५६ च. पसरणं तेवढंच, पण मोठ्या ठिपक्याला ते कमी जाणवतं.

शिवाय जाळी भरड केली की शेड पण वाढतात. ६०० डीपीआयवर १०६ एलपीआय म्हणजे जाळीच्या एका घरात (एका मोठ्या ठिपक्याच्या जागेत) प्रिंटरच्या जेमतेम ३२ चौकटी, म्हणजे साधारण ३३ छटा, तेच ६० एलपीआयवर १० गुणिले १० म्हणजे १०१ छटा. बदल्यात तोटा काय, तर ठिपके डोळ्यांना दिसतात, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे, आणि बारीक तपशील जातो. हाताच्या अंतरावरून वाचायच्या हँडआउटला ७५ च्या आसपास मला चांगलं जमलं. नकाशातली बारीक अक्षरं ग्रे रंगात असतील तर मात्र भरड जाळीत ती फुटतात, तिथे अक्षरांना सरळ काळा रंग द्या. आणि हो, १२०० डीपीआय चालू असेल तर एकदा ६०० करून तेच पान काढा, लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे फोटो चांगला, पण काही मशीनवर ग्रे त्यानेच जास्त भरून येतात.

कर्व्हचं म्हणाल तर तो सगळ्यात नेमका उपाय. त्यात काळा काळाच राहतो, पांढरा पांढराच, फक्त मधला भाग उचलला जातो, जे डेन्सिटीला कधीच जमणार नाही. चाचणीच्या पानावर समजा १० आणि १५ च्या मधला, म्हणजे साधारण १३ टक्क्यांचा ग्रे रेघांशी जुळला, तर आपल्याला जिथे २६ हवा होता तिथे १३ पाठवायचाय, म्हणजे गिंप किंवा फोटोशॉपच्या कर्व्हमध्ये १८८ वरचा बिंदू पकडून २२२ वर न्यायचा, बस, रेघ आपोआप कमानीसारखी होते. तो कर्व्ह प्रिंटरच्या नावाने सेव्ह करून ठेवा आणि मूळ फाईलला हात न लावता कॉपीवर लावा, हे मी कळकळीने सांगते, कारण उजळलेली फाईल उद्या दुसऱ्या प्रिंटरवर गेली की फिकट पडते आणि मूळ नसेल तर मागे जायला वाट नाही.

तोटा म्हणजे प्रत्येक चित्राला हे करत बसावं लागतं. महिन्यात चार-पाच फोटो असतील तर कर्व्ह उत्तम, रोज दुसऱ्यांच्या पन्नास पीडीएफ छापायच्या असतील तर ते शक्यच नाही, तिथे ड्रायव्हरमधला ब्राइटनेस किंवा गॅमा (मुख्यतः मधले ग्रे उजळ-गडद करणारा आकडा) वापरा. या दोघांत निवडायचं तर गॅमा, कारण ब्राइटनेस बऱ्याच ठिकाणी सगळंच सारखं वर सरकवतो आणि काळा पण राखाडी होतो. लिनक्सवाल्यांना कप्समधून (लिनक्सची छपाईची व्यवस्था) चित्रं छापताना गॅमाचा आकडा देता येतो, १००० म्हणजे आहे तसं, त्याच्यावर उजळ. पोस्टस्क्रिप्टवाला प्रिंटर असेल तर पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगायच्या दोन भाषा) अशा दोन्ही ड्रायव्हरने तेच पान काढून बघा, दोघांची ठिपके पाडायची पद्धत वेगळी असू शकते आणि कधीकधी नुसता ड्रायव्हर बदलून काम होतं. पीडीएफ वाचकातला इमेज म्हणून प्रिंट करा हा पर्याय पण एकदा तपासा, त्याने पानाचं चित्र प्रिंटरऐवजी कॉम्प्युटर तयार करतो.

रंगीत लेझर असेल तर या सगळ्याच्या आधी मेन्यूतलं कॅलिब्रेशन चालवा, आणि ग्रेसाठी फक्त काळा टोनर वापरा असा पर्याय असतो तो चालू आणि बंद दोन्ही करून बघा.

मग कार्ट्रिज आणि ड्रम (ज्यावर आधी टोनर चिकटून चित्र उमटतं तो रोल). हा खर्चाचा उपाय आहे म्हणून शेवटी, पण एका परिस्थितीत तो पहिला. पांढऱ्या भागावर करडी धूळ दिसत असेल तर सेटिंगमध्ये एक मिनिट पण घालवू नका. ड्रम झिजला की तो चार्ज नीट धरत नाही, किंवा चार्ज देणारा रोलर खराब झाला की जिथे टोनर चिकटायला नको तिथे पण चिकटतो. टोनरचा थर सारखा करणारी डॉक्टर ब्लेड झिजली तर थर जाड पडतो आणि सगळंच काळं येतं. माझ्या बाबतीत रिफिल केलेलं कार्ट्रिज होतं, दुसऱ्याच मशीनसाठीची पावडर भरलेली, आणि मी दोन दिवस ड्रायव्हर उघडझाक करत बसले, कारण पांढरा भाग बघायचं सुचलंच नाही. सगळेच रिफिल वाईट असं मी म्हणणार नाही, मजकुराला ते चालूनही जातात, पण ग्रे भरपूर छापणाऱ्याने पावडर आणि मशीनची जोडी जुळते का हे विचारूनच घ्यावं. ड्रम वेगळा असलेलं मशीन असेल तर आधी कार्ट्रिज बदलून बघायचं, ड्रम नंतर, आणि ओलसर जागेत ठेवलेला कागद आधी बाजूला करून नवीन पाकिटातला घ्यायचा, हे फुकटात होतं. कागदाचा प्रकार जाड असा निवडून ठेवला असेल तर तो पण साधा करा, त्याने फ्यूजरचं तापमान बदलतं.

आणि चाचणीत २५ वाला चौकोन जुळला असेल, म्हणजे प्रिंटर निर्दोष निघाला, तर स्क्रीनकडे वळा. पूर्ण उजेडावर ठेवलेल्या स्क्रीनशेजारी कुठलाही कागद काळाच वाटणार. छपाईशी जुळवून काम करणारे लोक स्क्रीनचा उजेड दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलाच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, साधे मॉनिटर पूर्ण उजेडावर २५०-३०० पर्यंत जातात. सोपी खूण म्हणजे कोरा कागद स्क्रीनवरच्या पांढऱ्या पानाशेजारी धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत उजेड कमी करा, मग फोटो बघा, कदाचित तो फाईलमध्येच गडद असेल.

दुसरा प्रिंटर घ्यायच्या विचारात असाल तर तेच चाचणीचं पान पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि तिथे काढून मागा, डीपीआयच्या आकड्यावरून ग्रे कसे येतील ते कळत नाही. पोस्टस्क्रिप्ट आणि जाळीचं सेटिंग दोन्ही असलेलं मशीन मिळालं तर मी ते घेईन, वेग थोडा कमी असला तरी. घरातल्या मशीनचं प्रत्येक चाचणीचं पान मी मागे तारीख आणि कार्ट्रिज कुठलं ते लिहून ठेवते, नवीन कार्ट्रिज घातलं की परत एक काढते, आणि जुळणारा चौकोन सरकला असेल तर कर्व्हचा बिंदू तेवढाच सरकवते.