तालुक्याचं डायलिसिस केंद्र : तीन वर्षांचा अनुभव

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सहाची एसटी धरून मी यांना इथं आणते. अमरावती जिल्ह्यातलं, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातलं केंद्र. केशरी कार्डावर आजवर एक रुपया लागला नाही.

यांचा आजार वेगळाच आहे. 2021 मध्ये कोविड लसीचा दुसरा डोस झाला आणि पंधरा दिवसांत लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. मग खोकल्यातून रक्त. एका दवाखान्यात टीबी समजून आठ दिवस गेले, लघवी कुणी तपासलीच नाही. त्या आठ दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. नागपूरला निदान झालं : अँटी-जीबीएम, म्हणजे गुडपाश्चर. शरीरातल्याच अँटिबॉडी किडनी आणि फुप्फुसाच्या बारीक पडद्यावर उलटतात. वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होतो. रोज प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलला, चौदा दिवस. फुप्फुसं वाचली, किडन्या गेल्या.

लसीनं झालं का, हे मी तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, लसीनंतर असं झाल्याच्या मोजक्या नोंदी जगात आहेत, पण लसीमुळेच झालं हे सिद्ध नाही. तरी त्यांनी दुष्परिणामाचा फॉर्म माझ्यासमोर भरला. मला उडवून लावलं नाही, हे मोठं. सासूबाईंनी पुढचा डोस घेतला, मीच नेलं.

आता केंद्राबद्दल. इथले टेक्निशियन दादा सुई टोचण्याआधी हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवून डोळे मिटतात. "वहिनी, तुम्हीपण पाहा," म्हणून त्यांनी मला शिकवलं. मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थांबली तर त्याच दिवशी धावत यायचं. आता रोज सकाळी चहाच्या आधी मी यांचा हात चाचपते.

खाण्याचंही त्यांनीच समजावलं. आमच्या बागेत संत्र्याची झाडं आंबिया बहाराच्या फळांनी वाकलेली असतात आणि यांना संत्र्याची फोडही नाही, कारण पोटॅशियम वाढलं तर हृदयच थांबू शकतं. पहिल्या वर्षी हे बागेत जायचेच नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी. मागच्या मे महिन्यात डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट बिघडला, चार तासांचं डायलिसिस अडीच तासांत आटोपलं. रात्री यांना आडवं होता येईना, उशाला गाद्या लावून बसवून ठेवलं. फोन करून कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो. बाहेर नातेवाइकांसाठी टिनाखाली एक बाकडं आहे, उन्हाळ्यात त्यावर हात ठेववत नाही.

नवीन येणाऱ्यांनी पहिली पाळी मागून घ्या. दुसरी सुटेपर्यंत खेड्याकडची शेवटची गाडी निघून गेलेली असते.