मोनॅकोत एकच दिवस: राजवाड्याचा खडक की कॅसिनोचा चौक?

फ्रान्समधील नीसला मुक्काम ठेवून मोनॅकोची एका दिवसाची फेरी करणाऱ्यांपुढे खरा पेच सकाळीच उभा राहतो. राजवाड्यासमोर पहारा बदलतो तो ११ वाजून ५५ मिनिटांनी, आणि जुगार न खेळता कॅसिनोची दालने पाहायची तर तीही सकाळीच, कारण दुपारनंतर तेथे खेळ सुरू होतो. देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा असला तरी बंदराच्या एका अंगाला उंच खडकावरचा राजवाडा आणि दुसऱ्या अंगाला कॅसिनो असून मध्ये चढउतार आहेत. सार्वजनिक लिफ्ट जागोजागी असल्या तरी दोन्ही गोष्टी एकाच सकाळी उरकण्याची घाई करू नये.

माझा कौल खडकाला आहे. १२९७ मध्ये फ्रान्सेस्को ग्रिमाल्डी संन्याशाच्या वेषात येथील किल्ल्यात शिरला आणि त्याने तो ताब्यात घेतला, अशी कथा सांगतात. राजवाड्याजवळच्या त्याच्या पुतळ्याच्या अंगावर संन्याशाची कफनी आहे आणि कफनीआड तलवार. आजही येथे राज्य करणाऱ्या ग्रिमाल्डी घराण्याच्या राजचिन्हातही तलवारधारी संन्यासीच आहेत. दगाफटक्याची आठवण इतक्या उघडपणे मिरवणारे राजघराणे विरळाच. जवळच्या कॅथीड्रलमध्ये मोनॅकोचे दिवंगत राजे प्रिन्स रेनिए तिसरे आणि त्यांची पत्नी, हॉलिवूड अभिनेत्री ग्रेस केली यांच्या समाधी आहेत. मुले बरोबर असतील तर १९१० मध्ये उघडलेले, समुद्रकड्यावरचे सागरी संग्रहालय चुकवू नये. त्यातील मत्स्यालयातच दोन तास सहज जातात. राजवाड्याची दालने मात्र हिवाळ्यात बंद असतात, तेव्हा त्या दिवसांत खडकाचे पारडे थोडे हलके होते.

कॅसिनोची बाजू वास्तुकलेची आवड असणाऱ्यांसाठी भक्कम आहे. पॅरिसच्या ऑपेराचे वास्तुकार शार्ल गार्निए यांनी येथील नाट्यगृह बांधले आणि ते १८७९ मध्ये खुले झाले. खेळाच्या दालनांत १८ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही, ओळखपत्र लागते आणि संध्याकाळी नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो. खुद्द मोनॅकोच्या नागरिकांना येथे खेळण्यास मनाई आहे. गोमंतकीयांना गोव्यातील कॅसिनोंत असलेली प्रवेशबंदी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. कॅसिनोपुढचा चौक आणि तेथे उभ्या असलेल्या गाड्या पाहायला तर काहीच पडत नाही, आणि बहुतेकांचे समाधान तेवढ्यावरच होते.

मुक्कामाचा प्रश्न सोपा आहे. नीसहून रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटे लागतात, सीमेवर तपासणी नसते आणि शेंगेन व्हिसा येथेही चालतो. त्यामुळे मोनॅकोतील हॉटेलचे महाग दर मोजण्याचे कारण उरत नाही. अपवाद रात्री उशिरापर्यंत कॅसिनोत बसणाऱ्यांचा. ग्रां प्री या फॉर्म्युला वन मोटार शर्यतीच्या आठवड्यात मात्र शर्यत पाहायची नसेल तर येऊच नये, कारण शर्यत शहराच्या रस्त्यांवरूनच धावते आणि कॅसिनोचा चौक त्या वाटेवरच आहे.