एक्सेल की गूगल शीट्स: सुरुवात कुठून करावी?

"मावशी, एक्सेल शिकू की गूगल शीट्स?" दोन्ही हिशेबाचे तक्ते मांडायचे प्रोग्राम, आणि भाची आठवडाभर याच प्रश्नावर अडून बसली आहे. तेवढ्यात बेरीज तरी शिकून झाली असती!

खर्चाचं म्हणाल, तर शीट्सला फक्त गूगल खातं लागतं. एक्सेलची ब्राउझरमधली आवृत्तीही फुकट आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. पैसे पडतात ते संगणकावर बसवायच्या पूर्ण एक्सेलचे.

मेहनत जवळपास सारखीच. बरोबरच्या चिन्हाने सूत्र सुरू होतं. बेरजेचं 'सम' (SUM), अटीचं 'इफ' (IF) दोन्हीकडे तेच. नवशिक्याची खरी गफलत फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे आकडे कसे दिसावेत हे ठरवताना होते, आणि तीही दोन्हीकडे एकच: ००७ लिहिलं की नुसता ७ उरतो. म्हणून आधी तो कॉलम 'टेक्स्ट' करून घ्यावा. तारखेचंही तसंच. सेलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या चौकटीत, दिसतं ते वरचं रूप, आत असतो दिवसांचा अनुक्रमांक. हे एकदा उमगलं की अर्धी भीती जाते. बारीक कारागिरीला मात्र संगणकावरचं एक्सेल सरस: कंट्रोल + १ दाबलं की आकडे, बॉर्डर, रंग सगळं एकाच खिडकीत.

आवाका? एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी, शीट्सच्या अख्ख्या फाइलमध्ये १ कोटी सेल. शिकताना कोण तिथवर जातंय!

चौघांनी मिळून यादी भरायची असेल, किंवा बिघडलेली फाइल कालच्या रूपात परत हवी असेल, तर शीट्स. नेटशिवाय काम, नीटनेटकी छपाई, मोठे हिशेब यांसाठी एक्सेल. भाचीला हिशेबनीसाची नोकरी हवी आहे. तिने एक्सेलच उघडावं.