लेकीची पहिली इलेक्ट्रो-अकूस्टिक

दहावीनंतर लेकीला ८,५०० रुपयांची इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार (केबलने अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या स्पीकरला, जोडता येणारी) घेतली. आवाज गोड, कटअवेमुळे (मानेजवळ कापलेल्या खाचेमुळे) वरच्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत) हात सहज जातो. पण घरी आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर तारा एवढ्या उंच, की खालून २ रुपयांची दोन नाणी एकावर एक सरकत होती! पोरीची बोटं सोलवटली. शेवटी कारागिराने ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळी) पिळला, सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) घासलं, जाड तारांचा बाराचा सेट काढून बारीक तारांचा दहाचा चढवला. ६०० रुपयांत गिटार माणसात आली. सूर जुळवायचा ट्यूनर बिनचूक. मात्र केबल खोचलेलीच राहिली की आतली ९ व्होल्टची बॅटरी गुपचूप संपते. आमच्या दोन अशाच गेल्या. अँप अजून घेतलेला नाही, त्यामुळे शेजारच्या काकू खूश आहेत.